मधमाश्यांचं पुस्तक परत आलं

कॅल्डरिज, ४ जून

प्रिय हेस्टर आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ईमेल तू उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. मी आयुष्यात पहिल्यांदाच पाकिटाला स्टॅम्प लावणार आहे. तिरका लागला तर हसू नकोस.

आधी माझी बातमी. मला काम मिळालं. पगार नाही, पण काम आहे. लार्क हॉस्पिससाठी पैसे जमवणारं सेकंडहँड दुकान माहितीये ना? तुमच्या सॉल्टबीत पण आहे बघ त्यांचं एक. त्यांच्या इथल्या दुकानात मी मागच्या खोलीत पुस्तकं निवडते. लोक घरातली नकोशी झालेली पुस्तकं पिशव्या भरभरून दारात ठेवून जातात, आणि त्या पिशव्या उघडायच्या मी. आत्या, मला हे इतकं आवडतंय की आमची मॅनेजर लोरेन म्हणते, "ही पोरगी पुस्तकं निवडत नाही, नुसती वास घेत बसते." पुस्तकांत काय काय सापडतं सांगू? बसची तिकिटं, कुणाच्या तरी कुत्र्याचा फोटो, आणि काल स्वयंपाकाच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेला बेकनचा तुकडा. शिजवलेला होता, एवढंच नशीब.

फाटकी पुस्तकं रद्दीत जातात, बरी पुढे शेल्फवर. तीन आठवडे कुणी हात लावला नाही तर ती क्रेटमध्ये भरून व्हॅननं दुसऱ्या शाखेत, आणि त्यांची न खपलेली आमच्याकडे. एका गावात धूळ खात पडलेलं पुस्तक दुसऱ्या गावात दुसऱ्याच दिवशी उचललं जातं. असं का, ते लोरेनला पण माहीत नाही.

आता दुसरी गोष्ट. सांगू की नको असं झालं होतं, पण पाठीमागे बोललेलं तुला आवडत नाही, म्हणून सांगते. मागच्या महिन्यात डॅड तुझ्याकडे आला होता, तेव्हा तू त्याच्या चहात मीठ घातलंस आणि त्याला दोनदा आर्थर म्हणालीस, सख्ख्या भावाला नवऱ्याच्या नावानं. आर्थर अंकल जाऊन किती वर्षं झाली. डॅडनं ते फार मनाला लावून घेतलंय. तो म्हणतो, हेस्टरचं डोकं आता तिला साथ देत नाही. त्याच्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे, तिथं एक ऑक्टोबरला खोली रिकामी होतेय. तुला तिथं हलवायचं त्याच्या मनात आहे. तू नको म्हणालीस तर तो म्हणणार, "बघा, तिला काही कळतच नाहीये."

मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, मी आत्याला पुस्तकं पाठवते, ती वाचून मला लिहील. लिहिलेलं वाचलं की कळेलच डोकं कसं चालतंय ते. डॅड म्हणाला, "बरं. सप्टेंबरपर्यंत बघू."

म्हणजे ही परीक्षा आहे, पण सोपी आहे. तुझ्याएवढं वाचलेलं आपल्या घरात कुणी नाही. सोबत पहिलं पुस्तक पाठवतेय, दीपगृहातल्या खुनाचं. आत तुझं नाव घातलंय. लवकर लिही.

तुझी,
टॅमसिन


सॉल्टबी, १२ जून

टॅमसिन,

स्टॅम्प तिरका होता. आवडला.

तर माझ्या धाकट्या भावानं माझी परीक्षा घ्यायची ठरवलीये. हा तोच ग्रॅहम, ज्याच्याकडून शाळेत सातचा पाढा मी पाठ करून घेतला आणि तरी तो साताआठी चोपन्न म्हणायचा. असू दे. दे म्हणावं पेपर.

चहाचं म्हणशील तर माझ्या शेल्फवर माझ्या वस्तू माझ्या जागी असतात. त्या हलल्या तर मी काय करू? आणि आर्थरचं म्हणशील तर ग्रॅहम त्याच्यासारखाच पोक काढून दारात उभा राहतो. कुणीही फसेल.

मी ठीक आहे. सकाळी धक्क्यापर्यंत चालते, मग तुझ्या त्या लार्कच्या दुकानात जाऊन बसते. तिथं काउंटरवर म्यूरिअल असते, तिच्याकडे किटली आणि गप्पा दोन्ही कायम गरम. पत्र मात्र मी माझ्या मशीनवरच टाइप करते, पाकिटावरचा पत्ता तेवढा म्यूरिअल घालते. बंदराच्या ऑफिसात टायपिस्ट होते, बोटांना अजून सगळं पाठ आहे.

पुस्तक वाचलं. चांगलं आहे. त्या दीपगृहवाल्याच्या बायकोला जुळी बहीण असते हे शेवटी कळतं ना, तिथं मी चाटच पडले. आणि ते वाइनच्या तळघरात प्रेत सापडतं तो भाग तर फारच छान लिहिलाय. पुढचं पाठव.

तुझ्या त्या मित्राला, एवनला, अजून नोकरी नाही का?

हेस्टर आत्या


कॅल्डरिज, २० जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी डॅडला वाचून दाखवलं. "बायकोला जुळी बहीण" ऐकून तो म्हणाला, "अरे वा, तिला सगळं लक्षात आहे." तो खूश आहे, कारण त्यानं ते पुस्तक वाचलेलं नाही.

मी वाचलंय. पाठवायच्या आधी अख्खं वाचलं होतं.

आत्या, त्यात जुळी बहीण नाही. दीपगृहवाल्याला बायकोच नाही. आणि खडकावरच्या दीपगृहाला वाइनचं तळघर कुठून असणार? मी परत परत आठवून बघितलं. आधी वाटलं माझीच गडबड होतेय. मग वाटलं तू गंमत करतेयस, डॅडला फसवायला. तसं असेल तर भारी आहे, पण मला तरी सांग ना. तू दुसरं एखादं पुस्तक त्याच्याबरोबर वाचत होतीस का? लोरेन म्हणते खुनाची पुस्तकं ओळीनं वाचली की तिचे पण सगळे मुडदे एकत्र होतात.

मला काहीच कळत नाहीये. पण आपण पुढे जाऊ. आता पाठवतेय त्यात खून नाही. एक विधवा बाई डोंगरात जाऊन मधमाश्या पाळते, एवढंच. मला खूप आवडलं. गोंधळ व्हायला त्यात माणसंच नाहीत फारशी. पहिल्या पानावर लिहिलंय बघ, "हेस्टर आत्याला, टॅमसिनकडून."

एवनला नोकरी लागली होती. चार दिवस टिकली. कुणाला सांगू नकोस, त्याला लाज वाटते.

टॅमसिन


सॉल्टबी, ४ जुलै

टॅमसिन,

पुस्तक वाचताना माणूस थोडं आपल्या पदरचं घालतोच. तुझ्या वयात मी पण शब्द न् शब्द धरून बसायचे. त्या दीपगृहाचं सोड आता.

मधमाश्यांचं पुस्तक सुंदर आहे. ती बाई शेवटी त्या डॉक्टरबरोबर कॅनडाला जाते तेव्हा मला गहिवरून आलं. पुस्तक उशाशीच आहे, दुसऱ्यांदा वाचतेय. काही पुस्तकं हातातून सोडवत नाहीत.

इथं हवा छान आहे. एवनला म्हणावं चार दिवस म्हणजे काही वाईट नाही, आर्थर पहिल्या नोकरीवरून जेवणाच्या सुट्टीतच परत आला होता. इथल्या सगळ्यांनी त्याला शुभेच्छा दिल्यात.

ग्रॅहमला सांग, मी तब्येतीनं मजेत आहे आणि वाचतेय.

हेस्टर आत्या


कॅल्डरिज, १९ जुलै

प्रिय आत्या,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं.

आधी मला प्रश्न पडला होता की "इथल्या सगळ्यांनी" म्हणजे कुणी. एवनचं मी फक्त तुला लिहिलं होतं. पण ते राहू दे, त्याहून मोठं काहीतरी झालंय.

मंगळवारी व्हॅन आली. सॉल्टबीचे क्रेट मीच उघडले. दुसऱ्या क्रेटमध्ये विणकामाच्या पुस्तकांच्या खाली मधमाश्यांचं पुस्तक होतं. म्हटलं, अरे, दुसरी प्रत मिळाली. उघडलं तर आत माझंच अक्षर. "हेस्टर आत्याला, टॅमसिनकडून."

मी तिथंच खाली बसले. लोरेन म्हणाली, "काय गं, परत बेकन?"

तू लिहिलंस की ते तुझ्या उशाशी आहे. पण इथं यायच्या आधी ते तीन आठवडे तुमच्या दुकानात शेल्फवर असणार. म्हणजे तू लिहीत होतीस तेव्हा ते तुझ्याकडे नव्हतंच. आणि त्यात डॉक्टर नाही, आत्या. कॅनडा नाही. ती बाई कुठेच जात नाही. शेवटच्या पानावर ती आणि तिच्या मधमाश्या तिथंच असतात, तेच तर सगळं आहे त्या पुस्तकात.

पुस्तक दिलंस याचा मला राग नाही. दिलं तर दिलं. पण मग उशाशी आहे असं का लिहिलंस? तुला खरंच वाटतंय का की ते उशाशी आहे? मला हे विचारताना पण कसंतरी होतंय.

डॅडला मी काही सांगितलेलं नाही. सांगणार पण नाही, प्रॉमिस. फक्त मला खरं सांग, तुला काय होतंय?

टॅमसिन


कॅल्डरिज, ३० जुलै

प्रिय आत्या,

तुझं पाकीट आलं. वर पत्ता होता, दुकानातल्या बाईंच्या अक्षरात नेहमी असतो तसा. आत दोन कागद होते, नीट घडी घातलेले. दोन्ही कोरे. पुढून कोरे, मागून कोरे.

मी पाकीट उलटं करून झटकलं. एवन म्हणाला, लिंबाच्या रसानं लिहिलं असेल, जुने लोक करायचे, इस्त्री फिरव म्हणजे अक्षरं उमटतील. मी खरंच फिरवली. हाताला कागद जरा खरखरीत लागत होता, तो गुळगुळीत झाला, एका कोपऱ्यात करपला, बाकी काही नाही.

मग तुला फोन केला. तू खिडक्या विकणाऱ्यांचा फोन समजून म्हणालीस, "खिडक्या बदलायच्या नाहीत आम्हाला," आणि ठेवून दिलास. परत केला तर परत तेच.

मी खूप घाबरले, आत्या. मी विचारलं तुला काय होतंय, आणि तू दोन कोरे कागद घडी घालून, पाकीट बंद करून पाठवलेस. माणूस असं केव्हा करतं? मला वेगळं काही सुचलंच नाही. मी डॅडला सांगितलं. जुळी बहीण, कॅनडा, कोरे कागद, सगळं. प्रॉमिस मोडलं मी. तो शनिवारी येतोय.

मी बरोबर केलं की चूक, मला खरंच माहीत नाही. तू एकटी पडून तुला काही झालं असतं आणि मी गप्प बसले असते तर?

टॅमसिन


सॉल्टबी, ६ ऑगस्ट

टॅमसिन,

तुझं शेवटचं पत्र टेबलावर पडलंय. उघडलेलं नाही. कशासाठी उघडू? मला ते वाचता येणार नाही हे तुला आता माहीत आहे, आणि त्यात जे असेल ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नव्हतं.

मी तुला दोन पानं लिहिली. जे डॉक्टरशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं ते तुला सांगितलं. म्यूरिअलला दाखवलं पण नाही, फक्त पाकिटावर पत्ता घालून घेतला. तू लिहिलं होतंस, "डॅडला सांगणार नाही, प्रॉमिस." आणि शनिवारी ग्रॅहम दारात हजर, हातात वृद्धाश्रमाचं चकचकीत पुस्तक घेऊन.

पण एक मला समजत नाही. त्यानं डोळ्यांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. आज वार कोणता, आपल्या आईचं माहेर कुठलं, शंभरातून सात-सात वजा कर, असलंच सगळं. मी वजा करत गेले, तो तिसऱ्या वेळीच चुकला. म्हटलं, "ग्रॅहम, आधी तुझं बघ." तर हसला नाही. म्हणाला, "सुरुवातीला असंच असतं, हेस्टर. उत्तरं बरोबर येतात." मग उठून माझ्या टाइपरायटरशी चाळा करत उभा राहिला, लहानपणी करायचा तसाच, सगळे खटके वर-खाली. लहानपणी फटका द्यायचे. या वेळी दिला नाही.

म्हणजे मला मधोमध काही दिसत नाही हे तू त्याला सांगितलं नाहीस. मग सांगितलंस तरी काय? अर्धंच सांगितलंस का? आणि जे अर्धं सांगितलंस ते कुठलं, की ज्यानं त्यानं तिथली खोली पक्कीच करून टाकली? एक ऑक्टोबर. माझे पडदे तिथं बसतील का ते पण मोजून गेला.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर वाचायला मला कुणाला तरी शोधावं लागेल.

हेस्टर


कॅल्डरिज, १० ऑगस्ट

प्रिय म्यूरिअल,

आपली ओळख नाही. मी हेस्टर थ्वेटची भाची. हे पत्र तुम्ही तिला वाचून दाखवाल का? दुकान बंद झाल्यावर, प्लीज. आणि काही गाळू नका, माझा मूर्खपणा आला तरी.

आत्या,

तुझं पत्र कोरं होतं.

देवाशपथ कोरं होतं. दोन्ही पानं. तू जे काही टाइप केलंस ते कागदावर उमटलंच नाही. तुला दिसत नाही हे मला आत्ता, तुझ्या या रागावलेल्या पत्रातून कळलं. माझं न उघडलेलं पत्र म्यूरिअलना दे आणि आधी ते ऐक. मी तर त्या कागदांवर इस्त्री फिरवली. आता सगळं लक्षात येतंय, मशीनचे ठसे असणार त्यावर, हाताला लागत होते ते. तू सांगितलेलं सगळं मी इस्त्रीनं सपाट केलं.

मला वाटलं तुझं डोकं गेलं. तुझे डोळे गेलेत. हे कळल्यावर आधी मी आनंदानं नाचले आणि मग रडले. नक्की काय वाटायला हवं ते कळेना.

आणि आता मी आणखीच गोंधळलेय. डॅडला वाटतंय की तू भ्रमिष्ट झालीस. तसं नाही हे सांगायचं तर कोरा कागद कसा आला ते सांगावं लागेल, म्हणजे डोळ्यांचं सांगावं लागेल. नाही सांगितलं तर एक ऑक्टोबरला तू जाणार, डोकं शाबूत असताना. सांगितलं तर तो म्हणेल, दिसत नाही, एकटी राहते, गॅसची शेगडी आहे, म्हणजे आता तर जायलाच हवं. खरं बोललं तरी खोली, नाही बोललं तरी खोली.

गेल्या वेळी तुला न विचारता मी ठरवलं. या वेळी तू सांगशील तसं. डॅडला मी अजून काही बोललेले नाही.

टॅमसिन


सॉल्टबी, १७ ऑगस्ट

टॅमसिन,

म्यूरिअलनं दाराला पाटी लावली, चहा केला आणि दोन्ही पत्रं वाचली. इस्त्रीपाशी ती थांबली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरून कुणीतरी काच वाजवून विचारलं, सगळं ठीक ना म्हणून.

खटका सरकला असणार. मशीनला एक खटका असतो, तो पांढऱ्या खुणेवर नेला की शाईची रिबन वर येत नाही, नुसती अक्षरं आपटतात. ऑफिसात प्रती काढायला स्टेन्सिल कापताना तसं करायचो. मी धूळ पुसताना तो हलला असेल. नेहमीची पत्रं पाकिटात घालायच्या आधी म्यूरिअल बघते, कोरं आणि रागाचं अशी दोनच तिला दाखवली नव्हती. आणि ग्रॅहमच्या चाळ्यात तो परत जागेवर आला, नाहीतर तुला माझा राग पण कोराच मिळाला असता.

तर जे सांगितलं होतं ते परत सांगते. गेल्या वर्षीच्या ईस्टरपासून नजर मधोमध विझत गेली. कडेकडेनं दिसतं. माणसाकडे बघितलं की चेहरा जातो, कान आणि खांदे राहतात. ग्रॅहमचे कान आर्थरसारखे नाहीत, पण खांदे आहेत. आणि मिठाचं म्हणशील तर त्या दिवशी आल्या आल्या त्यानं माझं शेल्फ आवरलं होतं. मदत म्हणून. साखरेच्या जागी मीठ ठेवणारा तोच.

पुस्तकं मी वाचलीच नाहीत, गं. तुझं पार्सल आलं की दुकानात घेऊन जायचे. म्यूरिअल नाव बघायची आणि म्हणायची, "हे? हे तर वाचलंय मी," आणि गोष्ट सांगायची. हिनं दुकानातलं प्रत्येक पुस्तक वाचलंय आणि एकही वेगळं राहिलेलं नाही. जुळी बहीण कुठल्या पुस्तकातली ते आता तिला पण सांगता येत नाही. कॅनडाबद्दल मात्र ती अजून अडून बसलीये, म्हणते टॅमसिननंच नीट वाचलं नसेल. मग पुस्तक तिथंच शेल्फवर ठेवून यायचे. म्हटलं, माझ्याकडे बंद पडून राहण्यापेक्षा कुणीतरी वाचेल. ते फिरून तुझ्याच हातात येईल हे कुणाला माहीत.

तुझी पत्रं पण तीच काउंटरवर मोठ्यानं वाचायची. एवनची नोकरी अख्ख्या सॉल्टबीला माहीत आहे. माझ्या वतीनं माफी माग त्याची. मी तिला सांगून ठेवलं होतं की माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय. सव्वा वर्ष झालं. कुठल्या दुकानात दिलाय, हे तिनं एकदाही विचारलं नाही. काल विचारलं मी तिला, का नाही विचारलंस? तर म्हणाली, "तू खोटं आणखी वाढवशील म्हणून."

माझं नाव आंधळ्यांच्या सरकारी यादीत घातलं तर वाचून दाखवणारं मशीन घरी येतं, मला माहितीये. पण मग कागद होतात, आणि कागद झाले की ग्रॅहम येतो.

मला कसली भीती वाटते ते सांगते, म्हणजे तुला ठरवायला सोपं जाईल. या घरात मी आंधळी नाही. इथं मला काही शोधावंच लागत नाही. त्या खोलीत मी पहिल्या सकाळपासून आंधळी असेन.

पण तुझं पण खरं आहे. जूनमध्ये माझी बाही शेगडीवर पेटली होती. विझवली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि हे सांगताना मला स्वतःलाच कळत नाहीये की ग्रॅहम चूक आहे की नाही.

तू काही सांगू नकोस. मी सांगते. त्याला शनिवारी बोलाव आणि तू पण ये. तुझं काम एवढंच, मी बोलत असताना त्याला मध्ये बोलू द्यायचं नाही.

हेस्टर आत्या


सॉल्टबी, १२ सप्टेंबर

प्रिय टॅमसिन,

हे पत्र ग्रॅहमनं तपासलंय, काळजी करू नकोस, रिबन चालू आहे. मजकूर बघू नकोस म्हटलं होतं, पण तो बघणारच.

त्या शनिवारी मी सांगितलं आणि तू त्याला मध्ये बोलू दिलं नाहीस. तू बस चुकू नये म्हणून पळालीस, पुढचं तुला माहीत नाही. तो मागच्या दारात पाठ करून उभा होता. मग वळून ओरडायला लागला. "सव्वा वर्ष? त्या दुकानातल्या बाईला माहीत आणि मला नाही?" म्हटलं, तिनं मला कुठं हलवायचं ठरवलं नव्हतं. त्यावर तो खाली बसला.

मग म्हणाला, "डोळे मिटून कुणी स्वयंपाकघरात वावरतं का?" म्हटलं, मिटून बघ की. आणि मिटले त्यानं, साठीच्या पुढच्या माणसानं. कपाटाच्या दारावर नडगी आपटली, कप शोधताना बिस्किटांचा डबा पाडला, दूध ओट्यावर ओतलं. मग मी उठले आणि चहा केला. तो माझ्या हातांकडे बघत होता, कडेनं मला तेवढं दिसतं. चहा आधी जिभेच्या टोकानं चाखला, मग प्यायला. म्हणाला, "पण बाही पेटली होती ना." म्हटलं, पेटली होती. त्यानं उठून ओट्यावरचं दूध पुसलं.

रात्री तो राहिला. रविवारी पाऊस होता, चर्चला गेलो नाही. तू पाठवलेलं दीपगृहाचं पुस्तक व्हॅनमधून जायचं राहून दुकानात काउंटरखाली पडून होतं, म्यूरिअलनं ते परत आणून दिलं होतं. ग्रॅहम म्हणाला, "दे, मी वाचतो." तो फार वाईट वाचतो. स्वल्पविराम म्हणून काही असतं हे त्याला माहीतच नाही, आणि सगळी माणसं त्याच्या बँकेच्या मॅनेजरच्या आवाजात बोलतात. तिसऱ्या प्रकरणापाशी म्हणाला, "यात ती जुळी बहीण कधी येते?" मी म्हटलं, वाच तू.

त्यानंतर दोन्ही रविवारी तो आला. शेगडी काढून विजेची बसवली, आपोआप बंद होते ती. शेल्फला हात लावला नाही. विचारून लावायचा होता, मी नाही म्हटलं. यादीत नाव घालायला मी तयार झाले, त्या मशीनसाठी, पण ते यायला वेळ आहे म्हणे.

काल वृद्धाश्रमातून त्याला फोन आला, खोली घ्यायची की नाही, रांगेत दुसरं कुणीतरी आहे. तो माझ्यासमोरच बोलला. म्हणाला, "आत्ता नको. त्यांना द्या. नंतर बघू." फोन ठेवून मला म्हणाला, "हे कायमचं नाही, हेस्टर. हिवाळ्यात बाहेर अंधार असतो, धक्क्यावर बर्फ असतो. तेव्हा काय करायचं मला माहीत नाही." म्हटलं, मला पण माहीत नाही. मग तो पुस्तक हातात घेऊन म्हणाला, "हे पुस्तक संपू दे. मग बोलू."

त्याची अजून साठ-सत्तर पानं राहिलीत. खून कुणी केला ते त्याला कळलेलं नाही आणि मला पण. म्यूरिअलला माहितीये, पण तिला विचारायची सोय नाही.

तर टॅमसिन, आता नीट लक्ष देऊन निवड. उद्याच्या उद्या मला एक जाड पुस्तक पाठव. तुझ्या क्रेटमध्ये असेल नसेल त्यातलं सगळ्यात जाड. गोष्ट कशीही असू दे. अक्षर बारीक हवं.

हेस्टर आत्या